कुर्ल्यातून इंजिन ब्लॉक घेण्याआधी

पहिलं परफॉर्मन्स इंजिन बांधायला घेतलं की यादी ठरलेली असते: कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट, थ्रॉटल बॉडी, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर). ब्लॉकचं, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य सांगाड्याचं, नाव यादीच्या तळाला, आणि त्यापुढे 'कुर्ल्यात बघू' एवढंच, म्हणजे मुंबईतल्या जुन्या इंजिनांच्या बाजारात. हा क्रम उलटा हवा. कॅम उद्या बदलता येतो, एक्झॉस्ट परवा बदलता येतो, इंजिन गाडीत असतानाही. ब्लॉक चुकला तर इंजिन बाहेर, हेड (ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) बाहेर, नवीन पॅकिंग, नवीन बेरिंग, पुन्हा मशीन शॉप. म्हणजे सगळा खर्च दुसऱ्यांदा. म्हणून पैसे मोजण्याआधी ब्लॉक मोजायचा. या लेखात जे काही आहे ते या एका गोष्टीभोवती आहे.

आधी इंजिन कोणतं ते ठरवा. मुंबईत पहिल्या बांधणीसाठी मी मारुतीचा १.३ लिटर जी१३बीबी सुचवेन. नंतरच्या एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाल्या) एस्टीममध्ये ८५ हॉर्सपॉवरचं हेच १६ व्हॉल्व्हचं इंजिन होतं, २००५ च्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही तेच, आणि जिप्सीमध्येही त्याचाच भाऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७५.५ मिमी, १२९८ सीसी. बोअर आणि स्ट्रोक जवळजवळ सारखे असल्यामुळे वरच्या आरपीएमला पिस्टनचा वेग आवाक्यात राहतो. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या भिंती, ओतलेले. भारतीय रेसिंगमध्ये एस्टीमचं इंजिन वर्षानुवर्षं वापरलं गेलं, त्यामुळे ते उघडलेला आणि बांधलेला मेकॅनिक या शहरात सापडतो. हे फार महत्त्वाचं आहे. जुन्या बलेनो सेदानचा १.६ लिटर, ७५ बाय ९० मिमीचा ब्लॉक टॉर्कला चांगला, पण बाजारात कमी दिसतो आणि लांब स्ट्रोकमुळे वरच्या आरपीएमला पिस्टन आणि रॉडवर जास्त ताण येतो. होंडा सिटीचा १.५ व्हीटेक उत्तम इंजिन आहे, मात्र त्याचे सुटे भाग महाग. पहिल्या वेळी चुका होणार. स्वस्त भागांवर झालेल्या बऱ्या.

खरेदी करताना इंजिन कोणत्या गाडीतून निघालं ते विचारा. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या ६५ हॉर्सपॉवरच्या एस्टीमचं इंजिन बाहेरून ओळखीचं वाटतं, पण ते ८ व्हॉल्व्हचं आहे. पिस्टन आणि हेड वेगळं. जिप्सीचं इंजिन गाडीत लांबीने बसतं, त्यामुळे चेंबर (खालचं तेलाचं भांडं), माउंटिंग आणि पाण्याचे पाइप वेगळे येतात. 'एकच है, सब बैठ जाता है' हे दुकानदाराचं वाक्य अर्धंच खरं असतं.

कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडच्या बाजूला जुन्या इंजिनांचे ढीग लागलेले दिसतात. तिथे तीन प्रकारे माल मिळतो. फुल इंजिन म्हणजे हेडसकट, बऱ्याचदा गिअरबॉक्ससकट. हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा), रॉड (पिस्टन आणि क्रँकला जोडणारा), पिस्टन, चेंबर. आणि रिकामा ब्लॉक. नवशिक्यांना रिकामा ब्लॉक आकर्षक वाटतो, कारण स्वस्त असतो आणि आतलं सगळं डोळ्यांना दिसतं. तरीही तो घेऊ नका. रिकाम्या ब्लॉकबरोबर पुरावा गेलेला असतो. बेरिंगचे शेल (अर्धगोल पट्ट्या), पिस्टनची झीज, तेलाचा रंग, हेडचं जुनं पॅकिंग हे सगळं त्या इंजिनाचं काय झालं होतं ते सांगतं. शिवाय मेन कॅपचे बोल्ट, लोकेटिंग पिना, ब्रॅकेट, क्रँकचा पुलीबोल्ट असे चिल्लर भाग एकेक करून जमवायला गेलं की वाचलेले पैसे तिथेच संपतात. न उघडलेलं फुल इंजिन मिळालं तर सगळ्यात उत्तम. नाहीतर हाफ इंजिन, आणि ते तुमच्यासमोर उघडायच्या अटीवर.

मेन कॅपबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण रिकाम्या ब्लॉकचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे. क्रँक जिथे बसतो ती पाच अर्धवर्तुळं ब्लॉकमध्ये असतात आणि उरलेली पाच कॅपमध्ये. कारखान्यात कॅप ब्लॉकला कसून बसवून मगच ती पाचही भोकं एका रेषेत बोअर केली जातात. म्हणून एका ब्लॉकची कॅप दुसऱ्या ब्लॉकला चालत नाही. बोल्ट बसतो, कॅप दिसायला तंतोतंत बसते, पण भोक गोल राहत नाही. क्रँक हाताने फिरवला तर एका जागी जड लागतो, आणि अशा इंजिनाची बेरिंग काही तासांत जातात. कॅपवर १ ते ५ आकडे आणि बाण असतात. १ पुलीकडून सुरू होतो आणि बाण पुलीकडे तोंड करून हवेत. आकडा गायब असलेली, एखादीच वेगळ्या रंगाची, किंवा कडेला हातोडीने ठोकलेली कॅप दिसली की तो ब्लॉक सोडून द्या. लाइन बोअरिंग करून दुरुस्त होतं, पण त्या खर्चात दुसरं हाफ इंजिन येतं.

कागदांचं काम मोजमापाआधी करा, कारण कागद नसेल तर मोजण्यात वेळ घालवण्याला अर्थ नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर पंच केलेला असतो. या इंजिनाचा जी१३बीबी पासून सुरू होतो. ती पट्टी वायर ब्रशने स्वच्छ करून टॉर्च आडवा धरून बघा. आजूबाजूची ओतीव खरबरीत आणि नंबराची पट्टीच तेवढी ग्राइंडरने गुळगुळीत केलेली, आकडे वाकडेतिकडे, खोली कमीजास्त, असं असेल तर उठून निघा. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, मूळ गाडीच्या आरसीची प्रत घ्या, गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात मोडली असेल तर तिथल्या प्रमाणपत्राची प्रत घ्या. पक्कं बिल द्यायला का कू करणाऱ्याकडे माल कितीही चांगला असला तरी घेऊ नका.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा ठामपणे सांगितली. म्हणून एस्टीमला एस्टीमचाच ब्लॉक घालायचा असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद. ८०० किंवा झेनमध्ये १.३ घालायचा असेल तर ती गाडी ट्रॅकची. ट्रेलरवर न्यायची आणि ट्रेलरवर आणायची. अपघात झाला तर विमा कंपनी इंजिन नंबरही बघते.

आता हत्यारं. चांगला टॉर्च, फिलर गेज, निदान ४०० मिमीची स्टीलची स्ट्रेट एज, बोअर गेज, ५० ते ७५ मिमीचा मायक्रोमीटर, डेप्थ गेज, एक बऱ्या अवस्थेतला हेड बोल्ट, क्रँकची एक नवी चावी (क्रँक आणि पुली यांना अडकवून ठेवणारा खाचेतला छोटा तुकडा), वायर ब्रश, चिंध्या आणि बाटलीभर रॉकेल. बोअर गेज नसेल तर ज्या मशीन शॉपमध्ये काम द्यायचं आहे तिथल्या माणसाला अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन बरोबर न्या. सगळ्या खर्चात हे पैसे सर्वांत चांगले लागतात. दुकानात सकाळी जा. दुपारी गर्दी वाढली की कोणी तुमच्यासाठी चेंबर उघडत बसत नाही.

फुल इंजिन असेल आणि दुकानदार बॅटरी-स्टार्टर लावून द्यायला तयार असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघा. चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा. या इंजिनाला १४ किलो प्रति चौ. सेंमीच्या आसपास आलं तर उत्तम, १२ च्या खाली गेलं तर झीज, आणि चार सिलिंडरमध्ये १ पेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग किंवा बोअर, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह गेलेलं इंजिन तुमच्या कामाचं आहे, कारण हेडवर तुम्ही काम करणारच आहात. मुंबईत सीएनजीवर चाललेल्या इंजिनांत हे बऱ्याचदा दिसतं: कोरड्या गॅसने व्हॉल्व्ह सीट खाल्लेली, बोअर मात्र स्वच्छ, कार्बन नगण्य. अशा इंजिनाचा भाव पाडून मागता येतो. फक्त ते तापलेलं नाही ना, ते बघून घ्या.

तापणं हा अॅल्युमिनियम ब्लॉकचा खरा वैरी, आणि त्यामागे बहुतेक वेळा साधं कारण असतं: कूलंटऐवजी नळाचं पाणी. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, साध्या पाण्यात नसतात. बिडाचा लायनर, अॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि मध्ये साधं पाणी म्हटलं की अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. हेड काढल्यावर ब्लॉकच्या माथ्यावर पाण्याची भोकं दिसतात. त्यांच्या कडा बघा. चांगल्या ब्लॉकच्या भोकाची कड धारदार असते, नखाला टोचते. खराब ब्लॉकची कड उंदराने कुरतडल्यासारखी असते, पांढऱ्या भुकटीने भरलेली, आणि भोक मूळ आकारापेक्षा बोअरच्या बाजूला सरकलेलं. हेड पॅकिंगच्या धातूच्या कड्याला बसायला जी सपाट जागा हवी ती तिथे उरलेली नसते. बाजारात अशा भोकांवर एम-सील भरून रंग मारलेला माल येतो; खिळ्याच्या टोकाने खरवडून बघा, अॅल्युमिनियमला चमक येते, एम-सीलची भुकटी पडते. वेल्डिंग करून, फेस मारून (मशीनवर माथा कापून सपाट करून) हे दुरुस्त करणारे कारागीर आहेत. पण जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला असा ब्लॉक देऊ नये.

माथा सपाट आहे का ते त्यानंतर. रॉकेलने पुसून, जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडून काढा. कचऱ्यावर ठेवलेली स्ट्रेट एज खोटं माप देते. चार कडांना आणि दोन कर्णांवर अशा सहा दिशांनी स्ट्रेट एज उभी धरा, मागून टॉर्च मारा. उजेडाची फट दिसली तिथे फिलर गेज घाला. मर्यादा ०.०६ मिमी. त्यापेक्षा जास्त निघालं तर फेस मारून सपाट करता येईल, पण किती मारायचा याचा हिशोब हवा. ७४ मिमी बोअरवर ०.२० मिमी फेस मारला की प्रत्येक सिलिंडरची ज्वलनाची जागा सुमारे ०.८६ सीसीने कमी होते. मूळ कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं) ९.५ धरला तर तो ९.७ च्या आसपास जातो. त्यावर हेडलाही फेस मारला, वर पातळ पॅकिंग टाकलं, तर पेट्रोल पंपावरच्या साध्या पेट्रोलवर नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून होणारी ठकठक) सुरू होईल. म्हणून दुकानदाराला विचारा की आधी फेस मारलाय का, आणि उत्तरावर न थांबता स्वतः बघा: माथ्यावर नव्या कटरच्या चकचकीत रेषा असतील तर मारलेला आहे.

हेड बोल्टची भोकं तपासायला तुमच्याकडचा बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवत न्या. मध्येच अडला किंवा ढिला डगडगला तर तिथले आटे गेलेत. एखादं भोक हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकून चांगलं होतं, त्याची भीती नको. तीन-चार भोकांचे आटे वर ओढले गेले असतील तर मात्र हे इंजिन वारंवार तापून वारंवार कसलं गेलंय असं समजा.

मुंबईचा म्हणून एक वेगळा आजार आहे, बुडालेल्या गाड्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हाच्या गाड्या तर गेल्याच, पण दर पावसाळ्यात सखल भागात गाड्या बुडतात आणि त्यांची इंजिनं भंगारात येतात. बुडालेलं इंजिन कोणी चालू करायचा प्रयत्न केला असेल तर एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. बाहेरून काही दिसत नाही. ओळखायची सोपी रीत अशी: एकेक पिस्टन अगदी वर आणा आणि माथ्यापासून तो किती खाली किंवा वर आहे ते डेप्थ गेजने मोजा. चारही आकडे ०.१ मिमीच्या आत जुळायला हवेत. एखादा अर्धा-एक मिमी खाली राहिला तर तो रॉड वाकलाय. त्या पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या घेरावर) एका कोपऱ्यात वर आणि समोरच्या कोपऱ्यात खाली तिरकी घासही दिसते. वाकलेला रॉड फेकून देता येतो, पण त्याबरोबर बोअरमध्ये गंजाचं कडं आहे का बघा. पाणी साचून राहिलं की पिस्टन जिथे थांबला होता तिथे लायनरवर गोल लाल पट्टा उमटतो. तो पॉलिश पेपरने घासून घालवलेला असतो, म्हणून बोटाचं टोक हळू फिरवा, खड्डे जाणवतात. वॉटर जॅकेटच्या (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीच्या) तळाशी आणि तेलाच्या वाटेत बारीक राखाडी गाळ असेल तर शंका उरत नाही. खड्डे उथळ असतील तर रीबोअरमध्ये, म्हणजे बोअर कापून मोठा करताना, निघून जातात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्याला मात्र हात लावू नका.

आता बोअर. सिलिंडरच्या अगदी वरच्या टोकाला, जिथपर्यंत रिंग पोचत नाही, तिथे मूळ माप टिकून असतं. त्याखाली रिंग जिथे थांबून उलट फिरते तिथे तेलाची फिल्म तुटते आणि स्फोटाचा दाबही सर्वांत जास्त असतो, म्हणून झीज तिथे जास्त. या दोन्हींच्या मध्ये एक कंगोरा तयार होतो. नख वरून खाली आणा: अडकलं तर झीज आहे. नख हे पहिलं माप, शेवटचं नव्हे. बोअर गेज ७४.०० वर मायक्रोमीटरने सेट करा आणि प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर मोजा: कंगोऱ्याच्या लगेच खाली, मध्यावर, तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशा, क्रँकच्या लांबीला आणि त्याला आडवी. चार सिलिंडर मिळून चोवीस आकडे. ते वहीत लिहा, फोनमध्ये फोटो काढा, मशीन शॉपवाल्यालाही हीच वही दाखवा.

उदाहरणार्थ एका सिलिंडरला वर आडवं ७४.०७, वर लांबीला ७४.०४, तळाशी आडवं ७४.०२ निघालं. म्हणजे बोअर ०.०३ ने अंडाकृती आणि ०.०५ ने निमुळता. दोन्हींची मर्यादा ०.१० आहे, तेव्हा रस्त्यावरच्या गाडीला नवीन रिंग टाकून हे चाललं असतं. आपल्याला मात्र हा ब्लॉक बोअर करायचाच आहे, त्यामुळे प्रश्न एवढाच की कोणत्या ओव्हरसाइजमध्ये (मूळ मापापेक्षा मोठ्या पिस्टनच्या मापात) तो साफ होईल. ७४.०७ वरून ०.२५ ओव्हरसाइजला पोचायला भरपूर माल शिल्लक आहे. ७४.१५ च्या वर गेलेला, खोल ओरखडे पडलेला बोअर थेट ०.५० ला न्यावा लागेल. आणि आधीच ०.५० केलेला ब्लॉक असेल तर घेऊ नका, कारण चुकीला जागाच उरत नाही. ते कळायला पिस्टनच्या डोक्यावरचा छाप बघा: ०.२५ किंवा ०.५० असा आकडा असेल तर रीबोअर झालेलं आहे. बाजारात हेच थावमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलतात, दहा थाव म्हणजे ०.२५ मिमी आणि वीस थाव म्हणजे ०.५०. दुकानदार 'स्टँडर्ड है' म्हणाला तरी पिस्टन बघितल्याशिवाय मानू नका.

बोअर मोठा केला की ताकद वाढते हा समज इथेच खोडून काढतो. ७४ चा ७४.५० केला तर १२९८ चे १३१६ सीसी होतात, दीड टक्कासुद्धा नाही. ओव्हरसाइज ही झीज काढण्याची सोय आहे. ७५ मिमीपर्यंत नेऊन १३३४ सीसी करता येतील, पण लायनरची भिंत तेवढी पातळ होते, आणि पातळ भिंत गरम झाली की गोल राहत नाही. रिंग तेल पितात. पहिल्या ब्लॉकवर तो प्रयोग नको. रेससाठी बांधत असाल तर त्या गटाच्या नियमात किती ओव्हरसाइज चालतं ते आधी वाचा.

चेंबर उघडल्यावर तेलाच्या गाळात बोटं घाला. बारीक चकाकणारी अॅल्युमिनियमची भुकटी पिस्टनची, तांबूस चकाकी बेरिंगची. एक-दोन कॅप सोडवून शेल बघा. राखाडी, मळकट पण गुळगुळीत असेल तर छान. तांबं उघडं पडलं असेल तर तेल कमी पडलं होतं. शेलच्या एकाच कडेला झीज म्हणजे रॉड वाकडा. क्रँक पुढेमागे ढकलून त्याचा खेळ मोजा: ०.११ ते ०.३१ मिमी ठीक, ०.३८ ही मर्यादा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लचवर अर्धा पाय ठेवून चालवलेल्या गाड्यांत हा खेळ वाढलेला असतो, कारण क्लच दाबला की सगळा जोर मधल्या मेन बेरिंगच्या थ्रस्ट वॉशरवर येतो. वॉशर नवे मिळतात. क्रँकचा गाल किंवा ब्लॉकची खाच खाल्ली गेली असेल तर ते नुकसान मोठं.

मग क्रँकचं नाक. मारुतीच्या जी मालिकेच्या इंजिनांची ही जुनी दुखरी जागा आहे आणि बघणारे फार थोडे. टायमिंग बेल्ट बदलताना पुढचा पुलीबोल्ट कमी कसला गेला की पुली किंचित हलत राहते, आणि चावी क्रँकमधली खाच हळूहळू रुंद करते. पुली काढा. खाचेच्या दोन्ही भिंती सरळ, काटकोनात आणि चकचकीत नसलेल्या हव्यात. तुमच्याकडची नवी चावी तिथे बसवा आणि नखाने डावी-उजवीकडे ढकला. जरासुद्धा हलली तर तो क्रँक घेऊ नका. तिथे चावी खेळली की कॅम टायमिंग सरकतं, आणि सात हजार आरपीएमवर कधीतरी ती तुटून पडते. वेल्डिंगने भरलेली खाच दिसली तरी नकोच.

भाव ठरवताना ब्लॉक ठेवला तिथेच आकडे बोला. 'चाचा, दो नंबर में खड्डा है, बीस थाव पे जाएगा, हेलिकॉइल दो लगेंगे' असं म्हटलं की समोरच्यालाही कळतं की तुम्ही मोजलंय. बिलावर एक ओळ लिहून घ्या: मशीन शॉपमध्ये तडा निघाल्यास सात दिवसांत बदलून मिळेल. चांगले दुकानदार ही अट मान्य करतात.

ब्लॉक छोट्या हत्तीतून किंवा गाडीच्या डिकीतून थेट मशीन शॉपला न्या. तिथे पहिलं काम स्वच्छता, आणि इथे एक सूचना स्वतः तोंडाने द्या: हा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, कॉस्टिकच्या टाकीत टाकू नका. बिडाच्या ब्लॉकला रात्रभर कॉस्टिकमध्ये ठेवायची सवय असते. अॅल्युमिनियम त्यात विरघळतं आणि सकाळी काळा, खाल्लेला ब्लॉक बाहेर येतो. रॉकेल, डिटर्जंट आणि ब्रश पुरतात. तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवायलाच हवा. स्वच्छ झाल्यावर तड्याची तपासणी. चुंबकाच्या पद्धतीने अॅल्युमिनियममधला तडा दिसत नाही, म्हणून लाल डायचा स्प्रे वापरायचा: क्लीनर मारून पुसणं, लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबणं, पुसणं, मग पांढरा डेव्हलपर. तडा असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेषा उमटते. दोन सिलिंडरच्या मधली पट्टी, हेड बोल्टची भोकं आणि मेन बेरिंगच्या भिंती या तीन जागा नीट बघा. यात पास झाला की मगच बोअरिंगचे पैसे मोजा.

बोअर करण्याआधी पिस्टन हातात हवेत. ऑपेरा हाउसच्या गल्लीतून (मुंबईतला सुट्या भागांचा बाजार) आणा किंवा बाहेरून मागवा, पण डब्यावरच्या आकड्यावर बोअर करू नका. प्रत्येक पिस्टन स्कर्टवर, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर, मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्यात क्लिअरन्स मिळवायचा. कंपनीच्या साध्या ओतीव पिस्टनला ०.०२ ते ०.०४ मिमी. समजा पिस्टन ७४.४८ निघाला आणि ०.०४ ठेवायचं ठरवलं, तर बोअर ७४.५२. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, त्याला बरंच जास्त अंतर लागतं; ते त्याच्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेलं असतं आणि तोच आकडा पाळायचा. फोर्ज्ड पिस्टन ०.०३ वर बसवला तर पहिल्याच लांब रनला चिकटतो. शेवटचे ०.०५ मिमी कटरने न काढता होनिंगने, म्हणजे बारीक दगडांनी घासून, काढायला सांगा.

टॉर्क प्लेटचा आग्रह धरा. हेड बोल्ट कसले की अॅल्युमिनियमचा ब्लॉक थोडा ओढला जातो आणि गोल केलेला बोअर बिनगोल होतो. हेडच्या जागी ४० ते ५० मिमी जाड स्टीलची प्लेट, चार मोठी भोकं पाडून, तेच बोल्ट, तोच टॉर्क, तेच पॅकिंग लावून होन केलं की बोअर चालू इंजिनात गोल राहतो. मेन कॅपही त्या वेळी पूर्ण कसलेल्या असाव्यात. दुकानात प्लेट नसेल तर लेथवाल्याकडून एकदा करून घ्या.

होनिंगनंतर ब्लॉक गरम पाण्याने आणि कपड्याच्या साबणाने धुवा. पेट्रोलने नाही, पेट्रोल तेल काढतं आणि होनिंगची वाळू रेघांत तशीच सोडतं. धुतल्यावर पांढऱ्या सुती कापडावर इंजिन ऑइल घेऊन बोअर पुसा. कापड राखाडी आलं की पुन्हा धुवा. दोन-तीन वेळा करावं लागतं, कधी पाच वेळा. कापड पांढरं आल्यावर लगेच बोअरमध्ये तेल फासा. पावसाळ्याच्या हवेत उघडा होन केलेला लायनर एका रात्रीत लाल होतो, आणि तो गंज घासायला गेलं की होनिंगच्या रेघाही जातात. तेल लावलेला ब्लॉक जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, लाकडाच्या फळीवर, माथा वर करून ठेवा. जमिनीवर ठेवू नका, फरशीला ओल येते.